पोलिसांना शिकायला रजा द्या, आणि शिकायची सोय नाशिकमध्येच करा

पोलीस सुधारायचे म्हटलं की आपल्याकडे बोलणं ठरलेल्या गोष्टींवर येतं. भरती वाढवा, नव्या गाड्या द्या, चौकाचौकात सीसीटीव्ही लावा, पोलिसांना राहायला बरी घरं द्या. हे सगळं लागतंच, त्याला कोण नाही म्हणेल. पण एक प्रश्न कोणी विचारताना मला दिसत नाही. ज्या माणसाची खात्यात पंधरा-सोळा वर्षं झाली, ज्यानं शेकडो पंचनामे लिहिले, जबाब घेतले, सगळे सणवार बंदोबस्तात घालवले आणि जो आता पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक होऊन एका अख्ख्या पोलीस ठाण्याचा कारभार हातात घेणार आहे, त्याला मधल्या इतक्या वर्षांत आपण शिकवलं काय? आठवड्याभराचा रिफ्रेशर, दोन-तीन दिवसांचं सायबरचं ट्रेनिंग, नवीन कायदे आले तेव्हा त्यांची लेक्चरं. बाकी जे काही तो शिकला ते आधीच्या साहेबांकडे बघून, आणि त्या साहेबांनी त्यांच्या साहेबांकडे बघून.

माझं म्हणणं असं आहे की दहा-बारा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या पोलिसांसाठी गुन्हेगारीशास्त्र आणि नेतृत्व या विषयात पदव्युत्तर शिक्षण पाहिजे, खरंखुरं विद्यापीठातलं, दोन वर्षांचं, नोकरीत राहून, पगारी वेळेत, मराठीतून. आणि ते सुरू करायला महाराष्ट्रात नाशिकइतकं योग्य गाव दुसरं नाही.

नाशिकच का ते आधी सांगतो. त्र्यंबक रोडवरून जाताना जी महाराष्ट्र पोलीस अकादमी लागते तिचं मूळ 1906 सालचं, राज्यातले पीएसआय (उपनिरीक्षक) आणि डीवायएसपी (उपअधीक्षक) तिथून घडून बाहेर पडतात. तपासाचं खास प्रशिक्षण देणारी डिटेक्टिव्ह ट्रेनिंग स्कूल इथेच आहे. न्यायसहायक म्हणजे फॉरेन्सिक प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखा इथे आहे, नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आहे, लॉ कॉलेज आहे, आणि गंगापूर धरणाच्या बाजूला 1989 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे ज्याचा जन्मच नोकरी करणाऱ्या माणसाला शिकता यावं म्हणून झाला. शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण पोलीस वेगळे, म्हणजे अभ्यासाला शहरही आहे आणि द्राक्ष-कांद्याचे तालुकेही आहेत आणि इगतपुरी-पेठ-सुरगाण्याचा आदिवासी भागही आहे. एवढं सगळं हाताशी असलेलं गाव सांगा बघू.

आता कोणी म्हणेल अकादमी आहे ना, मग अजून काय पाहिजे. ट्रेनिंग आणि शिक्षण यात फरक आहे आणि तो फरक पोलिसांनाच सगळ्यात आधी कळतो. 1 जुलै 2024 ला नवे कायदे लागू झाले, त्यात जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 176 मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं असं आलं, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आलं. हे कसं करायचं, मोबाईल कसा धरायचा, मुद्देमाल कसा सील करायचा, साक्षीदार कुठे उभा करायचा, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि ते शिकवायलाच पाहिजे. पण एकाच रस्त्यावर तीन वर्षं सलग सोनसाखळ्या का जातायत, तोच पोरगा जामिनावर सुटून दुसऱ्या महिन्यात पुन्हा कोयता घेऊन का फिरतो, आपण रात्रभर गस्त घालतो तिचा खरंच काही उपयोग होतो का, आपल्याकडे आलेली बाई तक्रार न देता परत का गेली, याची उत्तरं कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळत नाहीत. त्यासाठी प्रश्न मांडायला शिकावं लागतं, आकडे गोळा करायला, दुसऱ्यानं काय शोधलं ते वाचायला आणि आपलं चुकलं असेल तर ते कागदावर कबूल करायला शिकावं लागतं. हे काम विद्यापीठाचं.

मी समाजशास्त्र शिकवतो आणि रविवारी नोकरदार विद्यार्थ्यांचे संपर्क वर्ग घेतो, तिथे पोलीस असतातच. एकदा एका हवालदारानं गृहपाठासोबत स्वतःची वही दाखवली. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मोबाईल जातात त्याची त्यानं आपल्यापुरती नोंद ठेवली होती, वरून कोणी सांगितलं म्हणून नाही. तारीख, साधारण वेळ, कुठल्या रांगेत, माणूस काय करत होता, मोबाईल कुठल्या खिशात होता. त्यावरून त्याच्या लक्षात आलं होतं की बहुतेक मोबाईल संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास जातात, भाजीच्या एका ठराविक अरुंद पट्ट्यात जातात, जिथे माणूस दोन्ही हातात पिशव्या घेऊन खाली वाकून भाजी निवडतो आणि शर्टाच्या वरच्या खिशातला मोबाईल पुढे लोंबतो. आणि बंदोबस्ताचा माणूस कुठे उभा, तर बाजाराच्या तोंडाशी, कारण आधीपासून तिथेच उभा राहतो. हवालदाराचं म्हणणं होतं की माणूस पन्नास पावलं आत सरकवा, त्या पट्ट्यातली दुकानं जरा मागे घ्यायला लावा, एक दिवा वाढवा, निम्मं काम होईल. मी विचारलं हे साहेबांना दिलं का. तो म्हणाला, "सर, हे कोणाला द्यायचं तेच कळत नाही."

1979 साली कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करणारा, सहज हाती लागेल असं सावज आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा अभाव. जगभर गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात हे शिकवतात. आमच्या हवालदारानं हे न वाचता बाजारात उभं राहून शोधलं होतं. त्याच्याकडे काय नव्हतं? आपण जे शोधलं त्याला नाव आहे, त्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं काम झालंय, ते तपासून बघायची रीत आहे आणि ते साहेबांपुढे कसं मांडायचं याची भाषा आहे, हे त्याला कोणीच दिलेलं नव्हतं. मला ही नुसती एका माणसाची गोष्ट वाटत नाही, नाशिक शहर आणि ग्रामीण मिळून अशा किती वह्या असतील आणि किती जण निवृत्तीच्या दिवशी त्या घरी घेऊन जात असतील याचा विचार केला की वाईट वाटतं.

अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण अनुभव फसवतोही, आणि पोलिसांनाच सोबत घेऊन ते दाखवून दिलं गेलंय. 1972-73 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी एक प्रयोग होऊ दिला. पंधरा बीट, म्हणजे गस्तीचे भाग, घेतले, पाचांमध्ये नेहमीची गस्त बंद केली आणि फक्त फोन आला तरच गाडी पाठवली, पाचांमध्ये गस्त दुप्पट-तिप्पट केली, पाचांमध्ये होती तशी ठेवली. वर्षभरानं बघितलं तर गुन्ह्यांत फरक नाही, लोकांना वाटणाऱ्या भीतीतही फरक नाही, लोकांना गस्त कमी-जास्त झाल्याचं फारसं जाणवलंसुद्धा नव्हतं. याचा अर्थ पोलीस नकोत असा नाही, पुढच्या काळातल्या प्रयोगांत असं दिसलं की नेमक्या ठिकाणी, नेमक्या वेळी थांबून केलेली गस्त कामाला येते. पण गाडी नुसती फिरवत राहिलं की गुन्हे कमी होतात हा तिथल्या कितीतरी अनुभवी अधिकाऱ्यांचा पक्का समज होता आणि तो तपासल्यावर टिकला नाही. आपल्याकडचे असे किती समज कधीच कोणी तपासलेले नाहीत?

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरातला, 1981-82 चा, लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांचा. घरात नवऱ्यानं मारल्याची किरकोळ स्वरूपाची तक्रार आली की पोलिसांनी तीनपैकी एक गोष्ट करायची, अटक, समज, किंवा काही तासांसाठी दोघांना वेगळं करणं, आणि तिन्हीपैकी कोणती हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरायचं. पुढच्या सहा महिन्यांत पोलिसांकडच्या नोंदींप्रमाणे अटक झालेल्यांपैकी साधारण 10 टक्क्यांनी पुन्हा मारहाण केली, समज दिलेल्यांपैकी 19, वेगळं केलेल्यांपैकी 24. झालं, अटक चांगली असं तिकडे बऱ्याच ठिकाणी धोरण आलं. मग हाच प्रयोग दुसऱ्या शहरांत केला तर निकाल सरमिसळ आले, मिलवॉकीत तर बेरोजगार माणसाला अटक केली की मारहाण उलट वाढते असं दिसलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते की एका गावातलं उत्तर दुसऱ्या गावाला तसंच्या तसं लागू होत नाही. मिनियापोलिसचं उत्तर नाशिकच्या सिडकोला किंवा सुरगाण्याला चालेल असं मी अजिबात म्हणत नाही, उलट म्हणूनच नाशिकचा अभ्यास नाशिकच्या पोलिसानं करायला पाहिजे. "पाहू, समज देऊन सोडा, घरगुती मॅटर आहे" हे वाक्य ठाण्यात किती वर्षं ऐकू येतंय, ती समज दिल्यानंतर त्या बाईचं काय झालं हे सहा महिन्यांनी जाऊन कोणी मोजलंय का?

हे सगळं परदेशी आहे असं कोणाला वाटत असेल तर आपल्याकडेही सुरुवात फार जुनी आहे. केंद्र सरकारनं 1971 मध्ये पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. मा. स. गोरे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालक, पोलीस अधिकारी नाही तर समाजाचा अभ्यास करणारा माणूस. 1973 च्या अहवालात त्यांनी हेच लावून धरलं की पोलिसांना कवायत आणि कायद्याच्या पलीकडे समाजशास्त्र, मानसशास्त्र, माणसांशी वागण्याची दृष्टी शिकवली पाहिजे. पन्नास वर्षं उलटून गेली. त्याच टाटा संस्थेनं 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्या जागेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसलेली, आणि तो पुढे राज्यभर गेला. म्हणजे विद्यापीठ आणि पोलीस ठाणं एका छताखाली काम करू शकतात हे आपण महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे.

आयपीएस अधिकाऱ्यांची सोय झालीय, तेही नोंदवतो. 2010 पासून त्यांच्यासाठी सेवेच्या ठराविक टप्प्यांवर मिड करिअर ट्रेनिंग आहे, परदेशी विद्यापीठांशी संबंध आला. केंब्रिजच्या गुन्हेगारीशास्त्र संस्थेत तर नोकरीतल्या पोलीस अधिकाऱ्यांसाठी अर्धवेळ मास्टर्स चालतं, अधिकारी काही आठवडे येऊन शिकतात, परत जाऊन ड्युटी करतात आणि आपल्याच खात्यातल्या प्रश्नावर प्रबंध लिहितात. चांगलंच आहे. पण रात्री साडेअकराला मुलगी घरी आली नाही म्हणून धावत गेलेल्या बापाची गाठ एसपींशी (पोलीस अधीक्षकांशी) पडत नाही. ठाणे अंमलदाराशी पडते, नाईटच्या पीएसआयशी पडते, आणि ते दोघं कसे वागतील हे बरचसं त्या ठाण्याचा पीआय कसा आहे त्यावर ठरतं. नाशिक शहराची 2011 ची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती, आता कितीतरी वाढली असणार, म्हणजे एकेका पीआयच्या हाताखाली सहज लाख-सव्वा लाख लोकांचं जगणं येतं. शिक्षणाचा पैसा तिथे खर्च व्हायला हवा.

नेतृत्व हा शब्द मी मुद्दाम जोडतोय कारण त्याच्याबद्दल फार गैरसमज आहे. नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हणजे एखादा वक्ता बोलवून दोन तास टाळ्या वाजवणं नव्हे. उदाहरण देतो. महिन्याची क्राईम मीटिंग असते. तिथे प्रत्येक ठाण्याचे आकडे मांडले जातात, घरफोडी किती, जबरी चोरी किती, गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा जास्त का. आता ज्या पीआयला वाढलेल्या आकड्याबद्दल सगळ्यांसमोर उभं करून विचारलं जातं तो ठाण्यावर परत आल्यावर काय करेल? मोबाईल चोरीला गेला म्हणून आलेल्या माणसाला "गहाळ" लिहून द्यायला सांगितलं जातं त्याचं मूळ बरेचदा इथे असतं, समोरच्या हवालदाराच्या आळसात नसतं. ज्यानं गुन्हेगारीची आकडेवारी शिकलीय त्याला माहीत असतं की नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घडलेले पण कधीच नोंदले न गेलेले असे कितीतरी असतात, आणि बायकांच्या तक्रारी वाढल्या तर कधीकधी त्याचा अर्थ लोकांचा ठाण्यावर विश्वास बसायला लागला असा असतो. असा माणूस डीसीपी (शहरातले उपायुक्त) किंवा एसपींसमोर उभा राहून हे सांगू शकतो, आणि उद्या तोच डीवायएसपी झाला की मीटिंगमध्ये वेगळा प्रश्न विचारतो. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागेल, तरीही लोकांना चकरा का माराव्या लागतात? आदेश वरून आला म्हणून ठाण्याची रीत बदलत नाही, ती बदलणारा माणूस ठाण्यात लागतो.

आणि असा माणूस कुठल्याही हुद्द्यावर असू शकतो. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातल्या एका साध्या पोलीस कर्मचाऱ्यानं आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा स्वतः मांडला, आहे त्याच मनुष्यबळात शिफ्ट कशा बसतील याचं गणित केलं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतलं, 2016 मध्ये देवनारला ते राबवून पाहिलं आणि मग ते इतर ठाण्यांपर्यंत नेलं. बारा-बारा, चौदा-चौदा तास उभं राहणाऱ्या हजारो माणसांच्या आयुष्याचा प्रश्न होता तो, आणि उत्तर खालून आलं. त्यात दोन गोष्टी जुळून आल्या, खाली विचार करणारा माणूस आणि वर ऐकणारा माणूस. हे योगायोगावर का सोडायचं?

नाशिक ग्रामीणचं एक घ्या. दरवर्षी द्राक्ष हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात परराज्यातून आलेला व्यापारी माल उचलतो, सुरुवातीला दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, विश्वास बसला की पुढच्या चार गाड्या उधारीवर नेतो, चेक देतो, आणि एक दिवस फोन बंद. कर्ज काढून बाग उभी केलेला शेतकरी ठाण्यात येतो तेव्हा त्याच्याकडे वहीवरचं वजन आणि व्यापाऱ्याचं टोपणनाव एवढंच असतं. पोलिसांनी मधल्या काळात याच्यावर मनावर घेऊन काम केलं, पथकं परराज्यात गेली, शेतकऱ्यांचे पैसे परत मिळाले, त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण गुन्हा झाल्यावर पाठलाग करणं आणि गुन्हा होऊच न देणं यात खर्चाचा किती फरक आहे बघा. गावात उतरलेल्या व्यापाऱ्याची नोंद कोणी ठेवायची, बाजार समितीनं की पोलीस ठाण्यानं, त्याला गाळा आणि खोली भाड्यानं देणाऱ्याला काय विचारायचं, फसवला गेलेला शेतकरी कोण असतो, लहान बागायतदार की मोठा, कितव्या गाडीला फसतो, तक्रार द्यायला किती दिवस लावतो आणि तोवर माणूस कुठे पोचलेला असतो. हा पक्का दोन वर्षांच्या प्रबंधाचा विषय आहे आणि तो लिहायला पिंपळगाव-ओझरला चार हंगाम काढलेल्या एपीआयपेक्षा (सहायक निरीक्षकापेक्षा) लायक माणूस मला तरी सुचत नाही. बाहेरून आलेल्या संशोधकाला निम्मी माणसं बोलणारच नाहीत.

यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला, "अनुभवच खरा गुरू, पुस्तकं वाचून कोणी पोलीस होत नाही." वीस वर्षं बाग केलेला आपला द्राक्ष बागायतदार छाटणीनंतर देठ परीक्षण करून घेतोच ना, लॅबचा रिपोर्ट बघून खताचा डोस ठरवतो, त्यानं त्याच्या अनुभवाचा अपमान होत नाही, उलट त्या रिपोर्टचा खरा अर्थ त्यालाच कळतो. नवख्या पोराला गुन्हेगारीशास्त्र शिकवलं तर तो परीक्षेपुरतं पाठ करेल. ज्यानं अल्पवयीन पोरांना गुन्ह्यात सापडताना, सुधारताना आणि पुन्हा बिघडताना पाहिलंय त्याला शिकवलं तर तो तिसऱ्याच तासाला मास्तरांना अडवेल आणि म्हणेल हे असं नसतं सर. शिकवणाऱ्यालाही असाच वर्ग पाहिजे असतो.

दुसरा, आणि हा जास्त गंभीर, "माणसं कुठेत? आधीच जागा रिकाम्या, त्यात यांना शिकायला सोडायचं?" हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, ठाण्यातली परिस्थिती मला माहीत आहे, साप्ताहिक सुटी मिळणं हीच जिथे मोठी गोष्ट असते. पण सैन्याकडे बघा. आपल्या शेजारी देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, तिथे सेवेतले अधिकारी लांबच्या लांब कोर्सला येतात. तमिळनाडूत वेलिंग्टनला असलेल्या सैन्याच्या स्टाफ कॉलेजात मधल्या हुद्द्याचे अधिकारी जवळजवळ वर्षभर जातात आणि मद्रास विद्यापीठाची एमएस्सी घेऊन बाहेर पडतात. सीमेवर माणसं जास्त झाली म्हणून सैन्य हे करत नाही. उद्याचा कर्नल-ब्रिगेडियर आज घडवला नाही तर उद्या महागात पडेल हे त्यांनी ओळखलंय. पोलिसांसाठी मी वर्षभराची सुट्टी मागतच नाही. वर्षातून तीनदा दोन-दोन आठवडे वर्गात, बाकी ऑनलाईन आणि आपल्याच हद्दीत काम करत अभ्यास. प्रत्येक ठाण्यातून एका वेळी एकच माणूस. एवढं परवडत नसेल तर मग मंत्र्यांच्या दौऱ्यांना किती माणूस लावतो तेही एकदा मोजू.

मात्र मला या डिग्रीची एक भीती वाटते आणि ती लपवायची नाही. अमेरिकेत 1968 च्या कायद्यानंतर पोलिसांना कॉलेज शिक्षणासाठी केंद्र सरकारनं भरपूर पैसा ओतला. त्याबरोबर गल्लोगल्ली पोलिसांसाठीचे कोर्स उगवले. 1978 मध्ये याच लॉरेन्स शर्मन यांच्या पुढाकारानं लिहिलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या अहवालानं त्यावर कडक टीका केली, की वर्गात फक्त पोलीस, शिकवायला बहुतेक माजी पोलीस, अकादमीतल्या ट्रेनिंगलाच कॉलेजचे क्रेडिट देऊन टाकलेले, आणि त्यामुळे शिकून माणूस आहे तसाच बाहेर पडतो. आपल्याकडे हेच होण्याची पूर्ण शक्यता आहे. निवृत्त अधिकारी येऊन आपल्या गाजलेल्या केसच्या गोष्टी सांगणार, नोट्सची झेरॉक्स फिरणार, प्रबंध दुसऱ्याकडून टाईप करून घेतला जाणार, दोन वर्षांनी फोटो आणि प्रमाणपत्र. असं असेल तर नकोच ती डिग्री, सुरू करू नका.

म्हणून काही गोष्टींवर तडजोड नको. डिग्री विद्यापीठानं द्यावी, परीक्षा विद्यापीठानं घ्यावी, अकादमीनं जागा, ग्रंथालय आणि आपले निष्णात अधिकारी द्यावेत. वर्गात पोलिसांच्या शेजारी वकील, तुरुंग अधिकारी, बालगृहाचे काळजीवाहक, समाजकार्य करणाऱ्या मुली, पत्रकार बसले पाहिजेत. पीआयला पहिल्यांदाच असा माणूस शेजारी भेटेल जो त्याला "सर" म्हणत नाही आणि त्याचं म्हणणं खोडून काढतो, त्या दोन वर्षांतलं अर्धं शिक्षण तेच असेल. नाशिकरोडच्या कारागृहात जाऊन शिक्षा भोगणाऱ्यांशी नीट, सविस्तर बोलणं अभ्यासक्रमात सक्तीचं असावं, कारण पोलिसाचा गुन्हेगाराशी संबंध चार्जशीटला संपतो, पुढे त्या माणसाचं काय झालं हे त्याला फक्त तो पुन्हा सापडला तरच कळतं. आणि शिकवणं मराठीतून. ज्या हवालदाराची केस डायरी उत्तम मराठीत असते त्याला इंग्रजी पेपरच्या भीतीनं बाहेर ठेवणं हा अन्याय आहे. मोजकं इंग्रजी वाचायला शिकवा, पण विचार आणि लिखाण मराठीत होऊ द्या, त्यातून मराठीत या विषयाचं साहित्यही तयार होईल जे आज विद्यार्थ्याला द्यायला माझ्याकडे फारसं नसतं.

कुंभमेळा 2027 ला आहे म्हणून हा विषय आत्ता जास्त निकडीचा. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. जुन्या नाशिकमधल्या माणसाला तो दिवस अजून बोलताना जड जातो. 2015 चा कुंभ निर्विघ्न पार पडला, तेव्हा नाशिकच्या तरुण पोरांनी पायाखालून जाणारी माणसं मोजणारी चटई बनवून गर्दीचा अंदाज घ्यायचा प्रयोग केला होता. गर्दीचं शास्त्र आहे. एका चौरस मीटरमध्ये किती माणसं झाली की पुढचा माणूस स्वतःच्या मर्जीनं चालत नाही, लोक घाबरून धावतात म्हणून मरतात की दाटीत श्वास कोंडून मरतात, माहिती वेळेवर सांगितली तर गर्दी शांत का राहते, यावर खूप संशोधन आहे. 2015 ला सरदार चौकात, गोदाघाटावर, तपोवनात जे शेकडो पोलीस उभे होते त्यांनी काय पाहिलं, कुठे जीव मुठीत आला, कुठला बॅरिकेड चुकीच्या जागी होता, हे त्यांच्यापैकी किती जणांनी लिहून ठेवलं आणि ते आता कोणाच्या टेबलावर आहे? त्यातले बरेच निवृत्त झाले, बाकीचे दुसऱ्या जिल्ह्यात गेले. पहिल्या बॅचच्या पाच-सहा प्रबंधांचा विषय हाच ठेवा, 2015 च्या बंदोबस्तातल्या माणसांच्या सविस्तर मुलाखती घ्या आणि 2027 चं जे होईल ते रोजच्या रोज नोंदवा, म्हणजे निदान त्याच्या पुढच्या कुंभाला कोऱ्या पाटीनं सुरुवात करावी लागणार नाही.

निवड कशी करायची हाही प्रश्न आहे. साहेबांच्या मर्जीतला माणूस पाठवायची पद्धत पडली तर सगळं गेलं. हवालदारापासून डीवायएसपीपर्यंत कोणालाही अर्ज करता यावा, पदवी आणि सेवेची वर्षं बघावीत, पण त्याहून जास्त त्यानं दोन पानांत लिहिलेला आपल्या हद्दीतला प्रश्न बघावा, नाव आणि हुद्दा झाकून. महिला पोलिसांसाठी जागा राखाव्यात आणि निवासी आठवड्यांत लहान मुलांची सोय असावी, नाहीतर कागदावर जागा राहतील आणि वर्गात पुरुषच दिसतील. डिग्री झाली म्हणून आपोआप प्रमोशन मिळू नये, तसं केलं की लोक डिग्रीसाठीच येतील. पण शिकून आलेल्या माणसाची निदान दोन वर्षं बदली करू नये आणि ज्या विषयावर त्यानं काम केलं तिथेच त्याला लावावं, हे मात्र खात्यानं लेखी मान्य करावं. घरफोडीवर प्रबंध लिहून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी व्हीआयपी बंदोबस्तात उभं करायचं असेल तर त्यानं शिकलं कशाला?

प्रबंध झाल्यावर तो ज्या ठाण्याबद्दल आहे तिथल्या प्रभारी अधिकाऱ्यानं आणि एसपी किंवा डीसीपींनी तो वाचून तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं, यातलं काय करणार, काय नाही आणि का नाही. नावं आणि तपासाची गोपनीय माहिती काढून प्रबंध आणि ते उत्तर दोन्ही विद्यापीठाच्या वेबसाईटवर मराठीत टाकावं. बाजारातला माणूस पन्नास पावलं आत सरकवायचा की नाही, हे त्या बाजारात भाजी घेणाऱ्यालाही वाचता आलं पाहिजे.